एक्कावन्न आणि थोडं

सोहारच्या बाहेर, खजुरीच्या बागेत,
मधोमध एक सळई ठोकली आहे मी.
तिला सुतळीचा फास, दुसऱ्या टोकाला खिळा.
चार मीटर.
खिळा ओढत उलटा चालत गेलो
आणि निघालो तिथेच येऊन टेकलो.
वर्तुळाचं एवढंच म्हणणं असतं.

बागेचा मालक खमीस अल् मामरी म्हणाला,
सात कोपऱ्यांचा मंडप हवा. सगळ्या बाजू सारख्या.
मी म्हटलं, सहाचा करा, देखणा दिसतो.
नाहीतर आठचा, पंचेचाळिसाने सुटतो.
तो म्हणाला, बहिणी सात आहेत.
यावर सुताराने काय बोलायचं.

सहाचं सोपं असतं.
जी सुतळी त्रिज्या, तीच बाजू.
सहादा ठेवली की कडी लागल्यासारखी बंद.
बाबा गाडीचं चाक असंच आखायचे,
अंश हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही.
सात म्हणजे मात्र पंगतीला बसलेला असा माणूस
की वाढपी दोनदा फिरला तरी
त्याच्या पानात काहीतरी कमी.

"एक्कावन्न धर रे," इसाक परकार म्हणाला.
आमचा फोरमन, दाभोळचा, सदा घाईत.
धरले एक्कावन्न.
घाम डोळ्यांत, पाय वाळूत, सातदा.
शेवटचा एक्कावन्न पहिल्या खुंटीपाशी यायला हवा,
तो अलीकडेच थांबला.
वीतभर जमीन उरली.

तीन अंश.
कागदावर तीन अंश म्हणजे पापणीचा केस.
चार मीटरवर त्यांची वीत होते.
तेच तीन अंश पार कुंपणापर्यंत नेले
तर एक माणूस आडवा झोपेल मध्ये.
कोन वाढत नाही.
आपण लांब आलेलो असतो.

रात्री कॅम्पच्या जिन्यात नेटवर्क येतं.
प्रणोती यंदा दहावीला.
पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि पंखा.
"पप्पा, मंडप केवढा हे केंद्रीय कोन विचारतच नाही.
बाजू किती, एवढंच."
"सात."
"मग एक्कावन्न पॉइंट चार दोन आठ पाच सात एक,
पुन्हा चार दोन आठ... संपतच नाही हो!"
मागून तिची आई: झोपा आता, पावणेबारा झाले.
माझ्याकडे सव्वादहा.

घड्याळाने दीड तास.
पण नकाशा पाहून हिनेच सांगितलंय मला,
गुहागरपासून सोहार साडेसोळा अंश पश्चिमेला
आणि सूर्याला एका अंशाला चार मिनिटं लागतात.
म्हणजे सूर्याने एक तास सहा मिनिटं.
वरची चोवीस मिनिटं कुणाच्या खात्यात
ते तिला विचारलं नाही.
म्हटलं, कोन राहू दे,
दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर सांग.
"जीवा म्हणतात त्याला," ती म्हणाली,
आणि फोनवर आकडे दाबत राहिली.

सकाळी पट्टी कापली. तीन मीटर सत्तेचाळीस.
फलजचं पाणी वाहत होतं, ऊन अजून चढलं नव्हतं.
खुंटीपासून खुंटीला पट्टी टेकवत
एका बाईसारखा चाललो, रांगोळीचे ठिपके मोजणाऱ्या.
इसाक मोठ्याने मोजत होता.
पाच. सहा.
सातव्या वेळी आम्ही दोघंही गप्प.

पहिल्या खुंटीच्या अलीकडे
एक फट होती.
कानावरची पेन्सिल काढून आडवी धरली,
बरोबर मावली.

खांब पंधरा सेंटिमीटरचा आहे,
त्याच्या पोटात असल्या दहा पेन्सिली जातील.
तरी इसाकने विचारलंच,
"ही बाजू कुठल्या बहिणीची?"
मी म्हटलं, मिक्सर बोलव.

ती पेन्सिल आता माझ्याकडे नाही.
काँक्रीट पडताना कानावर नव्हती,
एवढं आठवतं.