शालिकराव खोली तपासतात

चष्म्याला दोरा, हातात नातवाची चौकटीची वही,
मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ.
डावीकडे ‘झिजलं’, उजवीकडे ‘मोडलं’.
झिजलं ते मालकाचं, मोडलं ते भाडेकरूचं.
हे ठरलं होतं एकोणीस वर्षांपूर्वी,
सावलीच्या बस स्टँडवर, एक चहा दोन बशांत ओतून.

उंबरठ्यावर त्यांनी वाकून बोट फिरवलं.
मधोमध खोलगट, गिऱ्हाइकांच्या पायांनी.
“हे झिजलं.”
कडी. “झिजली.”
खिडकीचा गज, कूलर बसवायला मीच कापलेला.
“हे तं मोडलं जी, मास्तर.”
तीस रुपये. मान्य.

मशिनीच्या चार पायांखाली
फरशीला चार वाट्या पडल्यात. इथं गाडी अडली.
ते म्हणाले मोडलं.
मी म्हणालो, शालिकराव, मोडलं ते एका दिवसात मोडतं.
ही एकोणीस दिवाळ्या बसत गेली आहे.
मी पायडल मारत होतो, घण नाही.
त्यांनी एका वाटीत अंगठा ठेवून पाहिला.
अंगठा बसला.
मग रेघेवरच काहीतरी लिहिलं,
मला वाचता आलं नाही.

खिळे बावीस, खिळ्यामागं पाच.
फुटके कवेलू माकडांच्या नावावर गेले.

मग टॉर्च मशिनीमागच्या भिंतीवर.
वही हरवते, भिंत कुठं जाते,
म्हणून मापं मी तिथंच लिहायचो, पेन्सिलीनं:
भोयरांचा श्रावण, पँट, कंबर २८.
वाकडे गुरुजी, सफारी, एक खिसा जास्त.
टेकाडीची नवरी, बाही कोपरापर्यंत, सोमवारी पाहिजेच.
“चुन्याचे चारशे,” ते म्हणाले
आणि कागदावर पेन टेकवला.
टेकवलेलाच राहिला.

शालिकराव, छाती ३९.
खाली, दुसऱ्या पेन्सिलीनं, ३८.
परत ३८, पोटाला सैल.
मग ३६.
मोतीबिंदूच्या वर्षी ३५.
शेजारी सरूबाई, ३४, बाही ९, गळा मागून लहान.
अशी तीनदा.
चौथ्यांदा नाही.

टॉर्चचा सेल उतरायला लागला होता.
“मले तं कोनी हातबी नाही लावला, मास्तर,”
ते भिंतीला म्हणाले.

मी गळ्यातली टेप काढली, सवयीनं.
त्यांनीही सवयीनंच हात जरा वर केले,
एकात वही, एकात टॉर्च,
उजेड छतावर गेला, तिथल्या कोळ्यावर.
तेहतीस.
“लिहा,” म्हणाले.
पेन्सिल सामानात बांधली होती. त्यांनी पेन दिला.
पेनाचं चुन्यानं झाकत नाही, वरून उमटतं,
हे त्यांनाही माहीत होतं.
मी लिहिलं.

बाहेर छोट्या हत्तीत मशीन, पाय वर करून पडलेली.
हजारातले चारशे साठ त्यांनी हातात ठेवले,
थुंकी लावून दोनदा मोजून.
चुना धरूनच.

नव्या दुकानात टाइल्स आहेत, गुळगुळीत.
मशीन पाय धरत नाही, डुगडुगते.
डावीकडच्या मागच्या पायाखाली
मी बनियनच्या खोक्याचा पुठ्ठा घातलाय,
दोन घड्या करून.