व्यवसाय सुरू केल्याची तारीख

नोंदणीला पैसे पडत नाहीत.
हे मी दिवसातून नऊ-दहा वेळा फोनवर सांगते.
दुकान उघडायच्या अठ्ठावीस दिवस आधी अर्ज करा, एवढंच.
लोकांचा विश्वास बसत नाही. कौन्सिल, आणि फुकट?

थर्झा फिअरनचा अर्ज कागदावर आला,
निळ्या शाईत, पाकिटाला एक तिकीट जास्तीचं.
वय विचारलं नव्हतं, तरी समासात: एक्क्याऐंशी.
पदार्थ: रम घातलेलं लोणी.
जागा: माझंच स्वयंपाकघर, मेरीपोर्ट, बंदरामागची गल्ली.
व्यवसाय सुरू केल्याची तारीख:
फेब्रुवारी १९६८, हेटीला मुलगी झाली तेव्हा.

संगणक ती तारीख घेईना.
लाल अक्षरांत म्हणाला, पुढची हवी.
मी फोन लावला. बाई, धंदा नक्की कधीपासून?

धंदा कसला, ती म्हणाली.
कुणाकडे पोर जन्मलं की लोणी करून द्यायचं.
तांबडी साखर, जायफळ, रम दिसेल तेवढी.
बारशाला आलेल्यांनी ते बिस्किटाला लावून खायचं
आणि रिकाम्या वाडग्यात नाणी टाकायची, पोराच्या नावाने.
तळाशी थोडं राहू द्यायचं मुद्दाम.
नाणी चिकटली तर बरं असतं.
आणि तुम्हाला काय मिळायचं?
वाडगा. न धुतलेला.
आता नातू म्हणतो, शनिवारच्या बाजारात मांडू,
बरण्यांना चिठ्ठ्या लावू. म्हणून हा अर्ज.

मी पुढच्या महिन्यातला एक सोमवार टाकला.
आमच्या दप्तरात ते लोणी अजून जन्मायचं आहे.

तपासणीला गेले तेव्हा समुद्राकडून वारा
दार हातातून ओढून घेत होता.
आत दगडी फरशीची कोठी, उत्तरेला खिडकी,
वीतभर, जाळी मारलेली.
इतकी वर्षं लोणी तिथेच निवलं.
मी म्हटलं, फ्रिज?
होता. नवा कोरा, माझ्यासाठी घेतलेला,
पाहुणा येणार म्हणून खुर्ची आणावी तसा.
आत एक तापमापक आणि अर्धं लिंबू.

चौदा ॲलर्जींची यादी तिने तोंडपाठ केली होती.
हात मागे बांधून, डोळे मिटून म्हणायला लागली,
आणि ल्युपिनपाशी अडली.
हे असतं काय?
मला रोज लिहून कळत नव्हतं. फूल असतं, मी म्हटलं.
लोण्यात फूल कोण घालेल, ती म्हणाली.

मांजर?
शेजाऱ्यांचं.
शेजाऱ्यांचं मांजर तिच्या खुर्चीत झोपलेलं,
तिच्या लोकरीच्या जाकिटावर.
मी लिहिलं: दार बंद ठेवणे.
पाचपैकी चार दिले. तिने स्टिकर
उजेडाकडे धरून बघितला, नोट बघतात तसा.

तापमानाच्या नोंदींची प्रत तेवढी पाठवा, म्हटलं होतं.
तीन आठवड्यांनी आली. रोज सकाळचा एक आकडा,
नियमात लिहिलंय तसा. आणि नियमात नाही ते.

४.
४. वारा.
५. नातवाचा फोन, दार उघडं राहिलं.
४. हेटीच्या मुलीला पुरलं आज. वाडगा शोधला, सापडला नाही.
४.
४.
४. कौन्सिलवाली येऊन गेली. हात गार तिचे.
   चहा नको म्हणाली, घड्याळ बघत होती.
४. वाडगा सापडला.
३. लोणी पहिल्यांदाच आत ठेवलं. दगड झालं.
४. परत खिडकीत.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.
आकडे सगळे आठच्या खाली.
सही केली, फाईल बंद केली.
शनिवारी बाजारात तिच्याकडून एक बरणी घेतली,
घरी कुणाला काही झालेलं नसताना.