कौल

दुपारी साडेतीनला देवळात कोणी नसतं.
बाबा कुडाळला बँकेत गेलेले, केवायसी अडलेली.
किल्ली माझ्याकडे.
अकरावी सायन्स, वय सोळा,
आणि या देवाचा बदली कामगार.

शमिका तांडेल कॉलेजच्याच ड्रेसमध्ये आली.
तिच्या केसांना सुक्या बांगड्याचा वास येतो
असं मुली म्हणतात. मला कधी आला नाही.
मागे एल्टन. तो पायरीपाशीच थांबला,
म्हणाला, चपला मी सांभाळतो.
रविवारी त्याचं दृढीकरण आहे, बिशप यायचेत,
पांढरा शर्ट शिवून झालाय,
आणि त्याने मला एकट्याला सांगितलंय
की त्याला ‘होय’ म्हणायचंय, अगदी मनापासून,
फक्त कशाला ते अजून कळलेलं नाही.

“काय विचारूचा हा?” मी बाबांच्या आवाजात.
लोक विचारतात, म्हैस कुठे गेली,
बोअरला पाणी लागेल का,
चुलत्यावरची केस पुढे न्यावी की मिटवावी.
शमिका म्हणाली,
“इचार तेका, तो आसा काय नाय.”

मी हसलो. ती हसत नव्हती.
रात्री दोनपर्यंत ती अंथरुणात मोबाइल बघते.
एक माणूस सांगतो, हे सगळं आपोआप झालं.
दुसरा सांगतो, घंटेच्या नादाने मेंदू जागा होतो.
शेवटी दोघंही म्हणतात, चॅनलला फॉलो करा.
“दमलंय रे मी,” ती म्हणाली.

पाकळी कशी पडते ते मला माहीत आहे.
बाबांनी गेल्या वर्षी शिकवलं:
पाणी बेतानं लावायचं,
दगड कोरडा असला की लवकर सुटते,
दारातून वारा आला तर डावी आधी.
त्या रात्री मी जेवलो नव्हतो.
आपली आई पगारी आहे
असं कुणी सांगावं, तसं झालं होतं.
मग हे खोटं? मी विचारलं.
बाबा वाती वळत होते.
म्हणाले, वारो खोटो आसा?

तगरीच्या दोन पाकळ्या लावल्या.
बोट थरथरलं, का ते विचारू नका.
उजवी पडली तर आहे,
डावी पडली तर नाही.
“पण मगे डावी पाडली कोणी?”
एल्टन बाहेरून ओरडला.
“गप रे,” शमिका.

गाऱ्हाणं मला झोपेतही येतं.
बा देवा म्हाराजा,
आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे इली हत…
आणि तिथेच अडलो.
रोग, राई, इडापिडा, वाटेवरचं, पाण्यातलं,
सगळ्याला त्यात जागा आहे,
हा प्रश्न कुठेच बसेना.
शेवटी तोंडातून निघालं,
हिका झोप लागांदे.
“व्हय म्हाराजा.”
दोन आवाज एकदम आले,
एक माझ्या शेजारून, एक पायरीवरून.

पावणेचार. चार.
खाडीतून कुणाची तरी होडी इंजिन टकटकवत गेली.
पाकळ्या जिथल्या तिथे.
देवाचे चांदीचे डोळे आमच्या डोक्यांवरून
बाहेर, माडांच्याही पलीकडे बघत होते,
ते नेहमी तसेच बघतात.
चार-वीसची एसटी चुकली असती.
शमिका उठली, गुडघ्यांची धूळ झटकली,
“पडली की सांग.”

मी सांगू शकलो नाही.
मी विहिरीवर असताना बाबा आले,
त्यांनी देव धुतला, वस्त्र बदललं,
आणि काय पडलं, काय काढलं,
सगळं एकत्र निर्माल्याच्या टोपलीत.
मी टोपली उपसून बघितली.
तगर, तगर, तगर.

नऊ-पन्नासला तिचा मेसेज आला, पडली?
मी लिहिलं, खोडलं,
उजवी असं लिहिलं, खोडलं,
मग वाऱ्याबद्दल काहीतरी लांबलचक,
तेही खोडलं.
वर बघितलं तर ती गेलेली,
शेवटची दिसली दहा-बाराला.
साडेदहा झाले. अकरा. दोन वाजेपर्यंत मी बघत होतो.
दहा-बाराच.

एल्टन मात्र जागा होता.
शर्ट घालून फोटो पाठवला त्याने,
म्हणाला, कॉलर घट्ट होतेय रे.