पंखा बंद

पहिली गोष्ट, खैरुद्दीनचाचा म्हणाले, पंखा बंद.
हिंगोलीत, एप्रिलात, पत्र्याखाली.
तराजूला वाऱ्याचंही वजन कळतं, बाई,
आपल्याला फक्त दारूचं पाहिजे.

मी प्रयोगशाळा सहायक. बावीस वर्षं
नववी-दहावीच्या पोरांना मोरचूद तोलून दिलं,
पुड्या बांधल्या, काचनळ्या विसळल्या.
वाटलं, हे तर माझंच काम.
(शाळेत मात्र सांगता येत नाही
की संध्याकाळी मी दारू मोजायला जाते.)
त्यांनी तराजू माझ्यापुढून उचलला
आणि घमेलंभर पुंगळ्या ठेवल्या.

आठवडाभर नुसतं पितळ.
आतून काजळलेलं, रेंजवरच्या मुरमानं खरवडलेलं.
मी घरून चिंचेचा कोळ नेला
तर चाचा ओरडले, ही काय समई आहे?
प्रत्येकीच्या गळ्याशी नख फिरवायचं.
नख अडलं की चीर,
चीर दिसली की पक्कडीनं तोंड चेपून भंगारात,
पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको.
एकशे बारांतल्या सतरा गेल्या.

चाचा एसआरपीत आर्मरर होते.
उजव्या अंगठ्याला वरचं पेर नाही.
मी विचारलं नव्हतं. त्यांनी जुनी वही उघडली,
पहिल्याच पानावर, हिशेबाच्या अक्षरात:
खर्च, एक पेर. कारण, घाई.
मग पान उलटून म्हणाले, हं, लिहा आजची तारीख.

भिंतीवर चौकटीत परवाना.
मोबाईल बाहेर, चपलांपाशी.
टेबलावर एका वेळी एकच डबा,
दुसरा कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला.
पुस्तकातला आकडा बोटाखाली धरायचा,
आणि सुरुवात सगळ्यात खालच्या आकड्यापासून.
मग वरचा कशाला छापलाय?
थांबायचं कुठं ते कळावं म्हणून.

पहिल्या वीस भरल्या त्या दिवशी लाइट नव्हती.
बरंच झालं, पंख्याचा मोहच नाही.
घाम हनुवटीवरून पडू नये म्हणून
कपाळाला ओढणी बांधलेली.
बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये
शेजारचा अर्शद सायकलचा पंप मागायला आला.
मी वर पाहिलं. एवढंच.
नंतर वीसच्या वीस उभ्या राहिल्या
प्रार्थनेच्या रांगेसारख्या,
आणि माझ्या पोटात खड्डा:
तेराव्यात मी दोनदा ओतलं? की ओतलंच नाही?

तोलून पाहिलं.
पण पितळच एकसारखं नसतं,
तराजू हो म्हणेना, नाही म्हणेना.
ती एक बाजूला ठेवून एकोणीस घेऊन जावं,
असं मनात आलं, खोटं कशाला बोलू.
पण तेरावी तरी तीच कशावरून?
चाचांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत,
गोळ्या उपसायची हातोडी पुढे सरकवली
आणि चहा ठेवायला आत गेले.

रात्री नऊपर्यंत मी वीसही उघडल्या.
दारू परत मोजली, एकेक.
सगळ्या बरोबर होत्या.
तेरावीही. अगदी बरोबर.
मला रडू आलं, रागानं.
म्हणजे उगाचच, मी म्हटलं.
बशीत चहा ओतत चाचा म्हणाले,
उगाच कसं? तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता आहे.

पुढच्या रविवारी लिंबाळ्याच्या माळावर
नव्यानं भरलेल्या वीसांतल्या पाच झाडल्या.
चार पुरीच्या आकारात बसल्या.
पाचवी कागदाच्या कडेला, जवळजवळ कयाधूकडे.
दारू कमी पडली का हो?
दारूला नावं ठेवू नका, चाचा म्हणाले,
श्वास कुणी घेतला मध्येच?

मी खाली बसून पुंगळ्या वेचल्या.
अजून गरम होत्या.
एकेकीच्या गळ्याशी नख फिरवलं. चारींना नाही अडलं.
एकीला अडल्यासारखं वाटलं, नक्की नाही.
ती मी वेगळ्या खिशात ठेवली.