पहिलं, स्वस्तातलं

उजू, तुझा मेसेज आला तेव्हा मी पितळ झाडत होते.
रास अल खैमाच्या ह्या रेंजवर रात्री अकराला
निम्मे दिवे जातात, रोडेल एसीखालची बादली बाहेर ओततो,
आणि माझ्या झाडूपुढे पुंगळ्या खुळखुळत पळतात.
वरणगावला भाऊंच्या डब्याच्या पिशवीला यायचा
तोच वास. तेल, पितळ, आणि उरलेल्या भरताचा कांदा.

तू विचारतेस,
अक्का, पहिलंच घ्यायचंय. स्वस्तातलं. लहान.
दिसणार नाही असं. कुठलं घेऊ?

हसू आलं मला.
माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, काचेखाली एकोणीस पिस्तुलं,
सगळ्यांचे नंबर तोंडपाठ,
आणि तेरा वर्षांत माझ्या पर्समध्ये
सफरचंद कापायची सुरीसुद्धा नाही.
तुमच्या ह्यूस्टनला म्हणे बाजारात वांगी निवडावीत
तशी निवडतात.

तरी सांगते, गिऱ्हाइकाला सांगते तसंच.
किमतीची चिठ्ठी शेवटी बघ.
आधी मुठीत धर. करंगळी खाली लोंबत असेल
तर ते तुझं नाही.
लहान म्हणजे सोपं, असं दुकानदार म्हणतो;
हलका तवा कसा लवकर पोळतो, तसं लहान जास्त उसळतं,
मनगटाला चावतं, आणि मग बाई सराव सोडून देते.
जे सरावाला नको वाटतं ते वेळेला हातात येत नाही.
भाड्याने चार उडवून बघ, मग पैसे मोज.
रिकामं आहे हे तुझ्या डोळ्यांनी पाहायचं, दोनदा,
दुसरा म्हणतो म्हणून नाही.
भाऊंनी तीस वर्षं गोळ्या तपासल्या, एकही उडवली नाही,
म्हणायचे, बंदूक रिकामी असते ती फक्त फोटोत.

सगळे पैसे त्यातच घालू नकोस वं.
निम्मे ठेव होल्स्टरला, सरावाला, कुलपाच्या पेटीला.
ओजस सहा वर्षांचा आहे. सहा वर्षांच्या पोराला
साखरेचा डबा कुठे आहे हे सांगावं लागत नाही.
आणि पट्टा जाड घे. मोटेलच्या त्या ढगळ टी-शर्टखाली
नाडीच्या पँटवर ते टिकायचं नाही,
पहिल्याच पाळीत

इथवर लिहिलं, आणि पट्टा कुठला सांगावा म्हणून
तुझा मेसेज पुन्हा वर ओढला.
एक शब्द माझ्या डोळ्यांनी गाळला होता.

त्याला दिसणार नाही असं.

मोटेलच्या रात्रपाळीत हा 'तो' कोण?
चोराला तर दिसावंच लागतं, उजू.

मग एकेक आठवायला लागलं. दिवाळीला व्हिडिओ बंद ठेवलास,
म्हणालीस नेटवर्क नाही.
मार्चमध्ये अंगठा दारात सापडला.
दीपेश बरा आहे म्हणताना तू आधी
श्वास घेतेस.

रोडेल विचारतोय, बादली भरली का.
भरली.
वर लिहिलेलं सगळं पुसलं. तीस वर्षांचे भाऊ,
तेरा वर्षांची मी, इतकी माहिती असून
तुझ्या स्वयंपाकघरात एवढंसंही कामाची नाही.
तिथे ते आधी कोणाच्या हाताला लागेल
हे मला ठाऊक नाही, तुलाही नाही,
आणि ते स्वतः तर कोणालाच ओळखत नाही.

तुझ्याकडे आत्ता दुपारचे दोन. तो कामावर असेल.
माझे साठलेले बावीसशे दिरहम आहेत, पगार परवा.
दोन तिकिटांना कमी पडले तर रोडेल देईल,
न विचारता देतो तो, मी त्याला दिलेले आहेत.
आता फक्त एवढं सांग,
ओजसचा पासपोर्ट कुठे आहे?
काढ, आणि ठेव
त्याला दिसणार नाही असा.

रिंग जातेय.
उचल.