इतर असल्यास लिहा

मालाडच्या नवव्या मजल्यावर
रात्री साडेनऊला मी निकोल होते.
सकाळी कार्ड टेकवलं की पुन्हा प्रमिला घाडीगावकर.
मधल्या वेळात ॲरिझोना.

प्रश्न ठरलेले, त्यांचा क्रमही.
मत देणार का? नक्की, बहुधा, सांगता येत नाही.
स्थलांतराचा मुद्दा किती महत्त्वाचा?
आपण स्वतःला काय म्हणवता –
गोरे, काळे, लॅटिनो, आशियाई,
इतर असल्यास लिहा.

डिमेलो सांगायचा, लॅटिनोंचे पाचशे भरा आधी,
त्या कोट्याला रेट जास्त आहे.
मागच्या निवडणुकीत दीडशेवर भागलं होतं.
माणसं वाढली की भाव वाढतो.
कांद्याचं उलटं असतं.

एऊलालिया बुस्तामांते, वय एकाहत्तर, राहणार युमा.
तिसऱ्या रिंगला उचलला.
तिचं इंग्रजी माझ्याइतकंच उसनं,
त्यामुळे आमचं बरं जमलं.
तेहतीस वर्षं लेट्यूस खुडलं म्हणाली, पहाटे दिव्यांच्या उजेडात,
पाठ त्या वाफ्यांतच राहिली.
कागद मात्र यंदा मार्चमध्ये आले.
शपथेला हात वर केला तेव्हा नातवाने फोटो काढला,
त्यात नेमके डोळे मिटलेले.

मी विचारलं, सीमेवर बंदोबस्त आणखी कडक हवा का?
मला वाटलं, नाही म्हणेल.
माझं बोट आधीच नाहीवर होतं.
ती म्हणाली, हवा.
मग बराच वेळ नुसता भांडी विसळल्याचा आवाज.
मग म्हणाली,
पण माझ्या बहिणीची मुलगी येईपर्यंत थांबा म्हणावं.

याला रकाना नव्हता.

तू कुठून बोलतेस गं? तिने शेवटी विचारलं.
स्क्रिप्टमध्ये उत्तर होतं, ते मी वाचलं नाही.
मालाडहून, म्हटलं.
ते टेक्सासात का?
हो, म्हटलं, तिकडेच.

सकाळी मालवणीत गेट सातपाशी उतरले
तर भालू टेबल टाकून बसलेला, मतदार यादी घेऊन.
माझा सख्खा भाऊ.
याच भालूने एकदा रामसमुझच्या दुकानाची हिंदी पाटी उतरवून
तिच्यावर चपलेसकट उभं राहून दाखवलं होतं.
आता शेजारच्या खुर्चीत रामसमुझ,
आणि वर छठपूजेचा बॅनर,
शुभेच्छुक म्हणून हात जोडलेला भालू,
हिंदीत, एक वेलांटी चुकलेली.
गल्लीत चारशे बारा नावं.
त्यातली किती गंगेकाठची, ते भालूला आता तोंडपाठ आहे.

रामसमुझ चहा पुढे करत म्हणाला, चांगल्या मराठीत,
ताई, आता बास झालं, गावाकडून फार लोक येतायत,
भाऊंना सांगा, कुणीतरी अडवलं पाहिजे.
मी कप हातात धरून थांबले,
पुढचं वाक्य येईल म्हणून.
आलं नाही.
त्याचा भाचा बहुतेक आधीच आला असावा.

आमचे बाबा राजापूरहून एकोणसत्तर साली,
एक वळकटी आणि कुणाच्या तरी मेव्हण्याचा पत्ता घेऊन.
घरी मात्र बाबा 'आले' असं म्हणायचं नाही.
आले ते बाकीचे.
भालू यावर हसत नाही.

काल एऊलालियाचा फॉर्म क्वालिटीवाल्यांनी परत पाठवला.
शेरा: उत्तर दोन्हीकडे जातं. एक निवडा.
डिमेलो म्हणतो, हवा वर टिक कर आणि सोड, पाचशेतली एक तर आहे.
मी खालच्या रेघेवर गेले,
कर्सर लुकलुकत होता,
आणि तिथे तिच्या भाचीचं नाव लिहायला घेतलं
तेव्हा लक्षात आलं,
ते विचारायचंच राहिलं.