मारबतीनंतर

सुकदेव नन्नावरे, लाइनमन, वय एक्केचाळीस.
खांबावर त्याला पुन्हा चढू द्यायचं की नाही
हे त्याच्या साहेबांनी माझ्या यंत्रावर सोडलंय.

तो बाही वर करतो.
पहिल्याच टोचणीत शीर सापडते,
खांब कवटाळून कवटाळून दोरासारखी उठलेली.
"मारबतीच्या सकाळपासून थेंब नाही, मॅडम.
खोटं नाही बोलून राहिलो."
मी म्हणते, मूठ सोडा.

बाकावर त्याची बायको, पर्बता,
बांधीतून तशीच उठून आलेली,
ओच्याला धानाचं कुसळ.
ती त्याच्याकडे बघत नाही. नळीकडे बघते.

दुपारी लाइन जाते. येते.
यंत्र कण्हतं, कागद बाहेर ढकलतं.
जीजीटी चौऱ्याऐंशी. पोळ्याच्या आधी चारशे बारा होतं.
यकृत सावरतंय म्हणायचं.
पण लाल पेशी एकशे चार,
रात्रभर भिजलेल्या वाटाण्यासारख्या टम्म.

साहेबांचा फोन : "पितो का अजून?"
त्यांना हो किंवा नाही हवंय.

कसं सांगू, साहेब,
लाल पेशी जगते एकशेवीस दिवस.
पोरं पळसाच्या फांद्या घेऊन ओरडत गेली
घेऊन जा गे मारबत,
ईडापीडा गेलीही असेल शिवेपार,
पण आदल्या रात्री जन्मलेल्या पेशी
अजून फिरताहेत त्याच्या अंगात,
मोहाची चव विसरून, तरी फुगलेल्या.
मरतील त्या. संक्रांतीपर्यंत मरतील एकेक.
तोवर हे रक्त थोडं त्या माणसाचं
आणि थोडं ह्या.

हे काही बोलले नाही मी.
"रिपोर्ट पाठवते," म्हटलं.

माझ्या बाबांचं रक्त कधी कोणी तपासलं नाही.
गावाला तोंडपाठ होतं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिते :
आकडे उतरते. फेरतपासणी जानेवारीत.
खांबाचं काही लिहीत नाही.

पर्बता कागद उलटा धरते, मग सुलटा.
"कमी झालं ना?"
झालं.
"किती?"
मी दोन हातांत अंतर धरून दाखवते, मासा दाखवावा तसं,
आणि माझं मलाच हसू येतं. तिला येत नाही.
ती कागदाची घडी करते, पोलक्यात खोचते.

बाहेर हातपंपाजवळ तो उभा,
सकाळचा कापूस अजून अंगठ्यानं दाबून.
रक्त केव्हाच थांबलं, काढा तो, म्हटलं.
"राहू द्या," म्हणाला.